ठिगळाखालची ओळ

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र पोचलं. त्यातल्या तीन ओळींवर काळी शाई फिरवलेली होती. आईने कागद खिडकीशी धरून, चष्मा पुसून, त्या वाचायची पुष्कळ खटपट केली. तेव्हा आधी पत्रं तपासणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. साहेब, या पत्रात कुठल्या ठाण्याचं नाव नाही की गाड्यांचा आकडा नाही. काळं फासायचंच झालं तर एका बाईच्या मताला फासावं लागेल. शाई भरून घ्या.

पायाची जखम भरली का? सोबत मोज्यांच्या आठ जोड्या आहेत. एकटाच दडपून बसू नकोस, सगळ्यांना वाट. गेल्या सुट्टीत तू म्हणालास, की तिकडे युद्धाबद्दल कुणी बोलत नाही, सगळे मोज्यांबद्दलच बोलतात. तू हसत सांगितलंस आणि मी हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. इकडे उलटं आहे. मोज्यांबद्दल कुणी बोलत नाही.

मी अजून लष्करी कोटांच्या तपासणीवरच आहे. कोट उलटा करायचा, दोन्ही मुठी काखेच्या शिवणीत घालायच्या आणि ताणायचं. दोरा तुटला की खडूने फुली, कोट परत. हल्ली घाईपायी काखेला दुहेरीऐवजी एकेरी शिलाई मारतात. मी एका दिवसात चाळीस कोट परत पाठवले. आमचे मुकादम, ज्यांना त्यांच्या उंच, काटकुळ्या अंगामुळे सगळ्या बायका पाठीमागे सुईदोरा म्हणतात, हात जोडून म्हणाले, बाई, युद्ध चालू आहे, जरा डोळेझाक करा. मी म्हटलं, युद्ध चालू आहे म्हणूनच नाही करत. काख उसवली की तिथून वारा आत शिरतो, आणि वाऱ्याला घोषणा ऐकू येत नाहीत.

मग एक दिवस कारखान्यात एक कापड आलं. दहा हात लांब, पांढरंशुभ्र, वर मोठ्या अक्षरांत 'आम्ही या युद्धाच्या पाठीशी आहोत'. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकीने खाली सही करायची, आणि कापड तुमच्याकडे पाठवायचं. रांग लागली. इस्त्रीवालीने तिच्या तान्ह्या नातीच्या नावानेही सही ठोकली. माझी पाळी आली तेव्हा मला तू आठवलास, तिकडे लष्करी गाडीखाली उताणा पडून तोंडाला ग्रीस फासून घेणारा. मी लिहिलं, 'मी सैनिकांच्या पाठीशी आहे. युद्धाच्या नाही. त्यांना घरी आणा.' खाली नाव, हुद्दा सगळं. मोठं धाडस वगैरे नव्हतं रे. खोटं लिहायला हात वळेना, एवढंच.

दिवसभर कुणाच्या लक्षातही आलं नाही. शंभर सह्यांत एक ओळ कोण वाचतं? पण सुईदोऱ्याने वाचली आणि त्याची बोबडी वळली. कापड नवं मागवावं तर चौकशी होणार. म्हणून त्याने स्वतः माझ्या ओळीवर पांढरं ठिगळ लावलं आणि कापड दारात टांगलं. झालं! कारखान्यातल्या बायकांसमोर ठिगळ लावायचं, तेही इतकं गचाळ? जी ती जवळ जाऊन शिलाई बघायला लागली. कुणीतरी कोपरा नखाने उचकटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळा कारखाना ते ठिगळ वर करून वाचून गेला होता. काही जणी माझ्या बाकावरून उठून गेल्या. एकीने मला घरभेदी म्हटलं. इस्त्रीवाली मात्र शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याला तिकडून पायाविना धाडलं तेव्हा कुणी कापड नव्हतं गं टांगलं.

चार दिवसांनी एक अधिकारी आले. आवाज मऊ, बूट चकचकीत. माझी चाळीस कोटांची नोंद त्यांच्यासमोर होती. माल अडवते, वर असं लिहिते, याचा अर्थ लोक काय घेतील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फुली मारलेला एक कोट घाला आणि बाहेर थंडीत उभे राहा, अर्थ कळेल. ते रागावले नाहीत. त्यांनी छापील माफीनामा पुढे केला. माझ्या बोलण्याने सैनिकांचं मन खचलं, असं त्यात होतं. तुमचं मन खचलं हे मी लिहून द्यायचं, तुम्हाला न विचारता.

आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती ताट आपटून आत गेली. बोलली ते एकच वाक्य: "तोंड तुझं आणि जीव त्याचा." ते वाक्य घेऊनच मी हे पत्र लिहायला बसले, ठोंब्या.

कारण आईला सांगितलेलं सगळं मी तुला अजून सांगितलेलं नाही. माफीनाम्यासोबत दुसरा कागद होता, तुझ्या बदलीचा. मागच्या गोदामात, कोरडं, तोफांपासून लांब. माझ्या सहीखाली तुझी सुटका. मी विचारलं, त्याच्या जागी तोफांकडे जाणाऱ्या गाडीवर कोण जाईल? ते म्हणाले, यादीत पुढचा असेल तो. म्हणजे ज्याची बहीण गप्प बसली, तो. मी नाही म्हटलं. दोन्ही कागद सही न करता परत दिले. तुला मुद्दाम विचारलं नाही. तू 'कर सही' म्हणाला असतास, तर ते तुला जन्मभर टोचलं असतं. 'नको' म्हणाला असतास, तर मी ते ओझं तुझ्या पाठीवर टाकून मोकळी झाले असते. म्हणून हे 'नाही' एकट्या माझं आहे, आणि काही बरंवाईट झालं तर त्याची धनीणही मीच. हे तुला दुसऱ्या कुणी सांगू नये, म्हणून लिहिलं. राग आला तर ये, घरी ये आणि समोर उभा राहून भांड. मला तेच हवंय. तू भांडायला घरी यावंस, एवढ्यासाठीच तर मी तोंड उघडलं.

तुझीच, न विचारता ठरवून टाकणारी,
ताई