लांबकान्या

अटलांटिक, एकोणिसावा दिवस

बाबा,

हे पत्र मी पाठवणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. निघताना धक्क्यावर तुम्ही आमचं सगळं सामान तपासलंत. ज्याचं नाव अपशकुन म्हणून तुमच्याकडे होडीवर घेत नाहीत, त्या लांबकान्याच्या मटणाचे डबेसुद्धा काढून घेतलेत. मायवेनचा कापडी लांबकान्या मात्र मी स्वेटरमध्ये गुंडाळून आणला. त्याच्याशिवाय तुमच्या नातीला झोप येत नाही.

नवव्या दिवशी सुकाणू आपोआप धरणारं यंत्र मोडलं. तेव्हापासून मी आणि गुलवेन तीन-तीन तास आळीपाळीने सुकाणू धरतोय. तो उठतो त्याच गरम अंथरुणात मी पडते. नवरा-बायकोची भेट तेवढीच. मग वारा पडला. पाच दिवस शिडं नुसती लोंबत होती. खारं लोणी संपलं, बोलणंही संपलं. तुमचा मुलगा एकदाच म्हणाला, "बाबा असते तर म्हणाले असते, होडीत काहीतरी आलंय."

मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. तरी परवा दुपारी पोर झोपलेली असताना तिच्या कुशीतून तो लांबकान्या काढला आणि पाण्यात टाकला. उठल्यावर तिला सांगितलं, लाटेने नेला.

"समुद्र तर सपाट आहे, आई," ती म्हणाली.

संध्याकाळी वारा आला. गुलवेन कितीतरी दिवसांनी हसला. मला त्याच्याकडे बघवेना.

तेव्हापासून मायवेन सुकाणूपाशी माझ्यासमोर येऊन बसते आणि दिवसभर मोठ्याने म्हणत राहते, "ससा. ससा. ससा."

वारा अजून पडलेला नाही, बाबा.

तुमची थकलेली सून,
सोलेन