माफ झालेल्या दहा शिड्या

१३ मार्च, गुरुवार

रंगारी पडला. आमच्याच शिडीवरून!

एका शाळेचा व्हरांडा रंगवत होता. वरची पायरी निखळली. कंबरेचं हाड मोडलंय, पाय हलत नाहीत. शिड्या विकणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. मनात त्या माणसाचा विचार नंतर आला. आधी आलं — त्या दहांतली तर नसेल ना?

एवढीच माझी लायकी.

१४ मार्च, शुक्रवार

त्या दहांतलीच. भाऊ जाऊन बघून आला. पायरी जोडायला जाडाऐवजी बारीक रिवेट.

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःचीच काहीतरी समजूत घालून मोकळी होईन.

बाबा गेले आणि शिड्यांचा कारखाना माझ्याकडे आला. बाबा चूक झाली की पगार कापायचे, म्हणून सगळे चुका लपवायचे. मी म्हटलं, रविवारी चर्चमध्ये एक आणि सोमवारी कारखान्यात भलतंच, हे आपल्याकडे चालायचं नाही. सोमवारची प्रार्थना सुरू केली. मशिनं बंद, नऊ जण गोल उभे. आठवड्यात ज्याचं काही चुकलं त्याने सगळ्यांसमोर सांगायचं. मी म्हणणार, "देवाने माफ केलं, मीही केलं." नियम एकच — माफ झालेली गोष्ट पुन्हा उकरायची नाही. पाळकांनी एकदा भर उपासनेत माझं उदाहरण दिलं. मी मान खाली घातली, पण आतून केवढी फुगले होते!

तर तीन तारखेला मिस्त्रीकाका बोलले. बाबांच्या वेळेपासून रिवेट मारणारे तेच. "ताई, जाड रिवेट संपले होते. ऑर्डर अडायला नको म्हणून शेवटच्या दहा शिड्यांना बारीक मारले. मन खातंय हो." त्यांचे डोळे भरून आले. माझेही. मी माफ केलं आणि मशिनं सुरू झाली.

त्या दहा शिड्या आहेत कुठे, हे कोणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. बांधून दारातच उभ्या होत्या! दुपारी टेम्पो आला आणि गेल्या.

१५ मार्च, शनिवार

बाकीच्या नऊ भाऊने परत आणल्या. एकही वापरलेली नव्हती. तेवढं वाचलं.

मिस्त्रीकाका फाटकापाशी थांबले होते. "मी सांगितलं होतं ना, ताई?" भांडत नव्हते. खात्री करून घेत होते बिचारे. म्हटलं, हो काका, सांगितलं होतंत. "मग मला वाटलं, आता तुम्ही बघाल."

आणि मला वाटलं, विषय मिटला.

१६ मार्च, रविवार

डोकं दुखतंय म्हणून चर्चला गेले नाही. कुठलं दुखतंय डोकं!

भाऊ वकिलाला घरीच घेऊन आला. वकील म्हणाला, "तुम्हाला आधी माहीत होतं हे बाहेर जाता कामा नये. तोंड उघडू नका." मी म्हटलं, नऊ जणांनी ऐकलंय. त्यावर भाऊ — "कोण बोलणार? उकरायचं नाही हा तुझाच नियम ना, ताई? नऊ घरं चालतात कारखान्यावर. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून ती उघड्यावर आणू नकोस."

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. दोन वर्षं त्या गोलात उभी राहून दुसऱ्यांच्या चुका ऐकल्या, माझी एकदाही सांगितली नाही. कोणी विचारलंही नाही. मालकिणीला कोण विचारणार? देवा, मी हे तुझ्या नावाने चालवत होते की माझ्या?

१७ मार्च, सोमवार

सांगायचंच म्हणून गेले. गोल झाला. सगळे पायांकडे बघत उभे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, काम करताना हातमोजे घालत जा. हातमोजे!

मिस्त्रीकाका तेवढे माझ्याकडे बघत होते.

१८ मार्च, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आले. रंगाऱ्याची बायको उठून उभी राहिली, स्वतःचं स्टूल मला दिलं. "कारखान्याची मालकीण स्वतः आली, कोण येतं हो असं?" तो पडल्या पडल्या म्हणाला, "माझाच तोल गेला असेल, बाई. एवढी वर्षं चढतोय, कधी झालं नाही."

तिथे सांगायला हवं होतं. त्या क्षणी. तो स्वतःला दोष देत होता आणि मी मान हलवत होते! बाहेर येऊन जिन्यात रडले. त्याचा त्याला काय उपयोग?

ठरलं. उद्या पोलीस ठाण्यात जाते. भाऊला विचारायचं नाही, वकिलाला नाही. मला माहीत होतं, एवढंच सांगायचंय. तीन शब्द.

१९ मार्च, बुधवार

गेले नाही. उद्या.

२० मार्च, गुरुवार

मिस्त्रीकाका कालच ठाण्यात जाऊन आले. लिहून दिलंय — बारीक रिवेट मी मारले, मी कोणाला सांगितलं नाही, मालकिणीला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना आत ठेवलंय. वकील म्हणाला, "सुटलात." भाऊने माझा हात धरून देवाचे आभार मानले.

मी आमेन म्हटलं.