सुट्टीवर आली आहे

८ फेब्रुवारी
घरी येऊन दोन आठवडे होत आले. बाबा येईल त्याला एकच सांगतात, "पोरगी सुट्टीवर आली आहे." आज शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वेळी लंबी छुट्टी भेटली वाटते, हेमा?" मी तोंड उघडायच्या आत बाबा, "बरीच जमा होती तिची."
फौजेत चार वर्षं भरली, पुढं ठेवलं नाही, संपलं. चौघींतून एक ठेवतात, तिघी घरी. हे सगळं फोनवर सांगून झालं होतं. तेव्हा म्हणाले होते, "ठीक आहे, ये." मला वाटलं, समजले.

११ फेब्रु.
बाबांनी माझी काळी पेटी बैठकीत ठेवली. नाव आणि नंबर दारातून दिसतील अशी. शेजारी त्यांची. तिच्यावरचा रंग उडालाय, तरी रुबाब तिचाच.
ते फौजेतून हवालदार होऊन परतले तेव्हा मी पाचवीत होते. आमगाव स्टेशनवरून गावापर्यंत बँड. आजही बाजारात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, "फौजी" म्हणतात. मी उतरले त्या दिवशी ऑटो पण नव्हता. दुधाच्या गाडीतून आले. पेटी कॅनच्या मधे.

१७ फेब्रु.
रविवारी सौंदडहून मला बघायला पाहुणे. मुलगा पंचायत समितीत आहे. माय खुश, पडदे धुतले. बाबांना विचारलं, "त्यांना खरं सांगितलं ना?"
"आधी येऊ तर दे."

२१ फेब्रु.
पाहुणे आले. चांगली माणसं होती, हेच वाईट.
मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर इकडं जवळपास बदली करून घेता येते ना?"
बाबा म्हणाले, "येते ना. अर्ज करावा लागते."
मला नाही राहवलं. "काकू, माझी नोकरी संपली. चारच वर्षांची होती."
पोहे सगळ्यांच्या हातात तसेच. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे पेन्शन?" नाही. "मिलिटरी कँटीन तरी?" नाही. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे, "मग फौजी कशाचं?"
चहा पिऊन गेले. मुलगा चप्पल घालताना हळूच म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं."
त्याला बरं वाटलं म्हणे.

२२ फेब्रु.
संध्याकाळी जेवता जेवता बाबा म्हणाले, "चौघींतून एक ठेवतात न? मग ती एक तू काऊन नाही झाली? कुठंतरी कमी पडली असशील."
"बाबा, तिघी कमी पडाव्याच लागतात. नियमच तसा आहे."
"आमच्या वेळी जो टिकला तो टिकला."
मी ताटावरून उठले नाही. संपवलं सगळं. फौजेची सवय.
फायरिंगला मी पहिली होते. धावण्यात पहिल्या पाचात. काय कमी पडलं ते कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान त्यावर राग धरला असता.

२ मार्च
नोकरी. गोंदियात, एका मॉलच्या गेटवर. एजन्सीवाला हात जोडून, "मॅडम, फौज से आई हुई लेडीज मिलती कहाँ है!" निळा ड्रेस दिला, दुसऱ्या कोणाच्या मापाचा. खांदे उतरतात.
काम म्हणजे येणाऱ्या बायांच्या पर्स बघायच्या. काश्मिरात नाक्यावर हेच. तिथं मागं कोणीतरी बंदूक घेऊन उभं असायचं, इथं मागून एसीची हवा येते. आज एकीनं पर्स ओढून घेतली, "चोर समझ रखा है क्या?"
तिथल्या बाया पण अशाच बघायच्या. बोलायच्या नाहीत, एवढंच.

९ मार्च
पॅसेंजरनं ये-जा. ड्रेस पिशवीत, तिथं जाऊन बदलते. बाबांचा हुकूम आहे, "हा ड्रेस घालून गावात फिरू नको."

१५ मार्च
पल्लवी आली होती, खालच्या टोलीच्या वस्तीतली. बारावीचे पेपर झाले. लाजत लाजत, "ताई, भरतीची तयारी करून द्या ना."
मी सरळ सांगितलं. नर्सिंग कर, पोलीस भरती बघ, तिकडं जाऊ नको. मान हलवून गेली. उगाच कडक बोलले का?

१६ मार्च
सकाळी तिची माय दारात. मोहफुलं वेचून तशीच आलेली, टोपली कमरेवर.
"तुले नाही ठेवलं, म्हणून माया पोरीले काऊन अडवून राह्यली?"
मी म्हटलं, "मावशी, चार वर्षांनी ती पण अशीच घरी येईल."
"चार तर चार. इथं कोण देऊन राह्यलं तिले चार वर्षं?"
टोपली सावरून ती निघाली.

२० मार्च
बाबांनीच पल्लवीला मैदानावर नेलं. उजाडता उजाडता शिट्टी ऐकू येते. मला असंच पळवायचे. त्यांचा आवाज किती दिवसांनी मोकळा निघाला. माझ्याशी बोलताना नाही निघत.

२८ मार्च
आज बाबा मॉलमध्ये आले. सोबत नागरा गावचे सुभेदार काका, बाबा आणि ते एका पलटणीतले. काकांच्या नातवासाठी काही घ्यायचं होतं म्हणे. मी गेटवर आहे हे बाबांना माहीत होतं. विसरले असतील? नाही, विसरले नाहीत. माझ्याकडं बघितलं आणि पुरुषांच्या रांगेतून आत गेले.
काका थांबले. "अरे, ही आपली हेमा ना?"
बाबा आतूनच म्हणाले, "चला, उशीर होऊन राह्यला."
काकांनी माझा निळा ड्रेस बघितला, टोपी बघितली. म्हणाले, "जय हिंद, बेटा."
माझा हात आपोआप सलामीला वर गेला. मागची बाई हसली.

२९ मार्च
विचारलंच. बाबा अंगणात जोडे पॉलिश करत होते.
"काल ओळख काऊन नाही दाखवली?"
"मी तुले गेटवर उभं राहायले नव्हतं पाठवलं."
"बाबा, चार वर्षं मी गेटवरच उभी होते."
ब्रश थांबला. म्हणाले, "माया फौजेनं असं नसतं केलं. हे तुया फौजेनं केलं असन."
त्यांची फौज, माझी फौज. शपथ एकच घेतली होती आम्ही. माय आतून ओरडली, "दोघांच्या फौजा राहू द्या, भात थंडा होऊन राह्यला."

८ एप्रिल
स्टेशनला जाताना मैदानाजवळून गेले. पल्लवी मुठी आवळून पळत होती. तोंडातून निघालंच, "हात मोकळे सोड!" बाबांनी वळून बघितलं. शिट्टी तोंडातच.

१२ एप्रिल
माय सांगत होती, बाबा काल पल्लवीला म्हणाले, "चार वर्षं आहेत. पाचव्याचं आतापासून पाह्य. माया पोरीले मी हे नाही सांगितलं."
तिला सांगितलं. मला अजून नाही.

१९ एप्रिल
पल्लवीची भरती पुण्याला. माय-लेकी माझ्याच गाडीत चढल्या, नागपूरला बदलणार. बाबा स्टेशनवर आले होते, डब्यापर्यंत नाही. पुलाखालीच थांबले.
समोरासमोर जागा मिळाली. तिची माय पिशवी उशाला घेऊन लगेच झोपली. पल्लवीनं आवाज खाली करून विचारलं, "ताई, एक खरं सांगा. परत चारच वर्षं दिली, तर जाल?"
नाही म्हणायचं होतं. निघालं नाही. हो पण निघालं नाही. बाहेर उन्हाळी धान, सगळं हिरवं. ती बघत राहिली माझ्याकडं.
गोंदिया आलं. मी उतरले. गाडी पुढं गेली.