वल्ह्यांना बांधलेल्या चिंध्या

भिवंडी, ९ डिसेंबर १९८९

सदानंदच्या नव्या ऐतिहासिक कादंबरीत स्वारीचे शिपाई खाडीपार नेताना नावाडी वल्ह्यांना ओल्या चिंध्या बांधतात, आवाज होऊ नये म्हणून. समासात मी लाल पेन्सिलीने लिहिले होते : 'पुरावा?' उद्या रविवारी वाचनालयातल्या चर्चेत त्याच्यासमोर हाच आक्षेप मांडायचा होता. माझाच विद्यार्थी. त्या स्वारीवर मी अकरा वर्षे टिपणे काढली. त्याने दोन वर्षांत पुस्तक छापले, आणि ते वाचता वाचता आमच्या सौ.ची आमटी करपली.

म्हणून आज रिक्षाने अंजूरला गेलो. नावाड्यांच्या घराण्यातले धर्मातात्या माझे जुने साक्षीदार. त्यांनी चिंध्या नाकारल्या की काम झाले.

"खरं हाय ते," तात्या म्हणाले. "आज्यानं त्याच्या आज्याकडनं ऐकलेलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी साल इचारलंत सर, भरती-ओहोटी इचारलीत. सदानंदानं इचारलं, त्या नावाड्यांना भ्या वाटलं का?"

साक्षीदाराचे मौन हा प्रश्नकर्त्याचा दोष, हा नियम वर्गात मीच शिकवला. सदानंद पहिल्या बाकावर असे. मी पडताळायला गेलो होतो की पकडायला? पकडायला. आणि तरीही... त्या चिंध्या माझ्या असायला हव्या होत्या.

उठता उठता मी विचारले, "मग, वाटलं होतं का भय?"

तात्या हसले. "आता कशाला सांगू, सर? पुस्तकात हाय की सगळं."