चूल भाऊजींना, झारी नातीला

मी, खाली सही करणारी, दगड कापणाऱ्याची विधवा, एका लेकाची आणि एका लेकीची आई, जिला सगळी गल्ली झटकआजी म्हणते, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, नजर शाबूत आहे, मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. श्वास तेवढा कमी पडतो. पण सही करण्यापुरता तो आहे, आणि वाद घालण्यापुरताही. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही, तेव्हा हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

नाव असे का पडले ते आधी सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. आमच्या गल्लीत दगड कापायचे कारखाने आहेत. संध्याकाळी माणसे पांढरीफटक होऊन घरी येतात, दारात पाठ करून उभी राहतात आणि बायका त्यांचा शर्ट अंगावरच बडवून धूळ झटकतात. अशी इथली रीतच आहे. जी झटकत नाही तिचे नवऱ्याशी बिनसले असे शेजारणी धरून चालतात. माझा हात पहिल्यापासून जड. "हळू गं, मी दगड नाही," असे हे म्हणायचे आणि हसत उभे राहायचे. दिवसभरात आम्हा दोघांना निवांतपणा मिळे तो तेवढाच. मला तो फार आवडायचा. धूळ जाते कुठे हे आम्ही कोणी विचारले नाही. दिसेनाशी झाली म्हणजे गेली, असाच सगळ्यांचा हिशेब.

हे गेले तेव्हा आधी सर्दी, मग क्षय आणि अगदी शेवटी दगडाची धूळ असे निदान झाले. यांच्यामागे लेक करवतीवर उभा राहिला आणि त्याचा शर्ट सून झटकू लागली.

आता वाटणी.

हे राहते घर माझ्या नावावर आहे. ते लेकाला आणि सुनेला मिळून द्यावे, दोघांच्या नावाने. त्याला एक अट आहे. रस्त्याकडची पुढची खोली बैठकीची राहणार नाही. तिथे नळ, बादली आणि खुंट्या लावाव्यात. लेकाने कामावरून आल्यावर तिथेच कपडे उतरवून पाण्यात टाकावेत, अंग धुवावे आणि मगच आत यावे. पाहुण्यांना बसायला जागा राहणार नाही अशी तक्रार होईल. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात बसावे. बैठकीतल्या मोठ्या खुर्च्या लेकीला द्याव्यात. तिने त्या लहानपणापासून मागितल्या आहेत आणि मी कधी दिल्या नाहीत.

परसातली विहीर घराबरोबर जाते. तिचे पाणी लेकाच्या कारखान्याला फुकट द्यावे, पण करवतीवर पाणी सोडून ओला दगड कापत असतील तरच. कोरडा कापून धूळ उडवली की पाणी बंद. हा अधिकार मी सुनेला देते, लेकाला नाही. तो भिडस्त आहे. गिऱ्हाईक "चिखल नको, आजच्या आज हवा" म्हणाले की तो विरघळतो.

बँकेत जे आहे त्यातून करवतीला पाण्याची नळी आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बसवावे. उरेल ते लेकीचे. काही उरले नाही तर तिने माझ्यावर रागवावे, भावावर नाही.

यांच्या छिन्न्या आणि हातोडे लेकाकडेच राहावेत. पत्र्याची झारी मात्र नातीची. त्या झारीने हे शेवटच्या वर्षांत एका हाताने दगडावर पाणी धरायचे आणि दुसऱ्या हाताने काम करायचे. तेव्हा यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काय रे, दगडाला पालवी फुटायची वाट बघतोस का?" सगळे हसले. हेही हसले आणि झारी खाली ठेवली. मला ते हसणे अजून खुपते.

यावरून भाऊजींचा वाटा आठवला. कारखान्याचा नफा हाती येताच त्यांनी टेकडीवर, वारा जिकडून येतो त्या अंगाला घर बांधले. हवा चांगली आहे म्हणतात. असणारच, आमची धूळ तिकडे जातच नाही. मला खोकला लागला तेव्हा त्यांनीच गावभर सांगितले की धाकट्याच्या बायकोने जन्मभर चूल फुंकली, तिचा धूर बाधला. धूर बाधतो हे मलाही मान्य आहे, पण माझी चूल लेक शाळेत होता तेव्हाच विझली आणि गॅस आला. बिचारीने तोंड उघडून काही सांगितले नाही म्हणून सगळे तिच्या माथी. ती चूल मी परसात जपून ठेवली आहे. ती भाऊजींना द्यावी. त्यांनी ती दिवाणखान्यात ठेवावी आणि कोणी खोकले की तिच्याकडे बोट दाखवावे.

समोरच्या चष्मेवाल्याला माझी लोकरी शाल. त्याने आयुष्यात दगडाला हात लावलेला नाही, तरी हिवाळ्यात तोही माझ्यासारखाच खोकतो. तो दिवसभर काचा पुसतो आणि दिवसभर त्या पुन्हा माखतात. पलीकडे शाळा आहे. तिथल्या खिडक्याही आमच्याच बाजूला उघडतात.

आता शेवटचे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचे.

छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीचा फोटो काढला आणि विचारले, "आजी, कारखान्यात किती वर्षं होता?"

"एक दिवस नाही."

त्यांना वाटले फोटोंची अदलाबदल झाली. पुन्हा काढला, तोच आला. "आजी, ही तर दगड कापणाऱ्याची छाती आहे."

"नवऱ्याची असेल. दुसरं काही ठेवून गेले नाहीत," मी म्हणाले. त्या हसल्या नाहीत. घरी कपडे कोण झटकतं, एवढेच त्यांनी विचारले.

मी घरी येऊन लेकाला सांगितले. तो म्हणाला, "आई, तुझं वय झालंय. फोटोत काहीही दिसतं. धुळीनं बाईमाणसाला होत असतं तर अख्खी गल्ली आजारी पडली असती." बोलता बोलता त्याने घसा खाकरला. हल्ली तो रोज सकाळी खाकरतो आणि हवा बदलली म्हणतो. त्याच वेळी दारात नात आईशेजारी उभी राहून बापाचा शर्ट झटकत होती. उन्हात धूळ चमकते म्हणून तिला तो खेळ वाटतो. तिचा हात माझ्यासारखाच जड आहे. ते बघून मला भीती वाटली. यांच्या आजारपणातही एवढी वाटली नव्हती.

म्हणून मी राजीखुशीने लिहून देते की मी गेल्यावर, अंत्यविधीच्या आधी, माझे फुफ्फुस काढून डॉक्टरीणबाईंनी तपासावे. त्यातले दाणे खास उजेडात, भिंगाखाली दिसतात असे त्या म्हणतात. कागदावर काय लिहायचे ते त्यांनी लिहावे. पण त्याआधी भिंगासमोर माझ्या लेकाला बसवावे. त्याचा डॉक्टरांवर विश्वास नाही, माझ्या बोलण्यावर नाही, पण दगडावर आहे. बापाकडून शिकलेली ती एक गोष्ट तो कधी चुकत नाही. हातावरच्या चिमूटभर चुऱ्यावरून कोणत्या खाणीचा ते तो सांगतो. त्याला बघू द्यावे. कोणी समजावू नये. त्याला आपला दगड ओळखू येईल. एवढ्या बारीक दाण्यावरून ओळखता नाही आला, तरी आईच्या आत दगड आहे एवढे त्याला दिसेल.

बाळा, बघून झाले की रडत बसू नकोस. तडक घरी जा. नात दारात हात उगारून उभी असेल. तिच्याकडे पाठ करू नकोस.

वरील मजकूर मी बोलले तसा चष्मेवाल्याने लिहिला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. ज्याच्या पदरात काही पडते त्याने साक्ष देऊ नये असे तो म्हणाला, म्हणून त्याची सही घेतलेली नाही. शाल हवी म्हणाला.

साक्षीदार: छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शाळेच्या मुख्याध्यापिका, खिडकी बंद करून आलेल्या (सही)

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: कारखान्याच्या सुट्टीचा सोमवार, हवा स्वच्छ

लिहून देणार: झटकआजी (सही)
सही करताना खोकला आला म्हणून शेवटचे अक्षर हलले आहे. सही माझीच आहे.