खऱ्या साहेबाची खूण

३ जून
आजपासून मी पाणीपुरवठा खात्याचा ‘आवाज सुरक्षा अधिकारी’. वरून आदेश आलाय : परदेशी मंडळी एआय वापरून आपल्या अधिकाऱ्यांचे हुबेहूब आवाज काढतात आणि फोनवरून गुपितं काढून घेतात. प्रत्येक खात्याने त्यासाठी एक निर्व्यसनी माणूस नेमावा. आख्ख्या मजल्यावर निर्व्यसनी मी एकटाच. साहेब कागद फेकून म्हणाले, घे, तुला नाहीतरी काम काय असतं? शी! बोलताना किती थुंकी उडावी! आदेश पुसून घेतला.
घरी देवापुढे बसून संकल्प केला : शहराच्या पाण्याचा नकाशा, म्हणजे सगळे पंप, टाक्या, झडपा, परक्याच्या हाती पडू देणार नाही. प्राण गेला तरी.

५ जून
प्रशिक्षण. कुबट खोली, दमट बिस्किटं. शेजारच्याने बूट काढलेले. तज्ज्ञ काहीतरी सांगत होते की यंत्र कधी चिडत नाही वगैरे. मोज्यांच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, पुढचं ऐकू आलं नाही.
गरजही नव्हती. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, वाणीवरून माणूस ओळखावा. यंत्राला आईबाप नाहीत, म्हणजे संस्कार नाहीत. उद्धट बोलेल तो नकली. सोपं आहे.

६ जून
फोनवर ओळख पटवायला सांकेतिक शब्द ठरवला : सदाचार. कुणी विसरू नये म्हणून स्टेनोबाईंनी तो नोटीस बोर्डावर लावला. या अडाणीपणाची किळस आली. पण बाईंचं अक्षर सुरेख आहे. राहू दिला.

९ जून, सकाळी
फोन. साहेबांचाच आवाज. अरे गाढवा, नकाशा वर आण, मंत्री खोळंबलेत. शब्द विचारला. म्हणाला, तुझ्या बापाला विचार. वडील जाऊन बारा वर्षं झाली. ज्याला एवढंही ठाऊक नाही तो यंत्रच. ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. परदेशाला पाणी पाजलं!

संध्याकाळी
साहेबच होते.
सगळ्यांदेखत जे बोलले ते इथे लिहिलं तर वही धुवावी लागेल. स्टेनोबाई म्हणाल्या, अण्णा, आता बढतीवर पाणी सोडा.

१२ जून, सुटी
दुपारी साहेबांचा फोन! नवा नंबर. नमस्कार, जेवण झालं का, असं विचारलं. म्हणाले, तुम्ही त्या दिवशी फोन ठेवलात, मनातून अभिमान वाटला. चारचौघांत बोलावं लागतं, मनावर घेऊ नका. बीपी कसं आहे?
वीस वर्षांत प्रथमच ‘तुम्ही’. सांकेतिक शब्द विचारला नाही. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाची परीक्षा घ्यायची म्हणजे हलकटपणा.
ही म्हणाली, अहो, हे तुमचे साहेब नव्हेतच. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा त्यांनी फोन केला तो कपाटाची किल्ली कुठेय म्हणून!
काही लोकांना दुसऱ्याचं सुधारणं बघवत नाही.

१३ जून
पुन्हा फोन. नकाशा हवाय, पण ऑफिसच्या मेलवर नको, तिथे परदेशी कान असतात. खासगी मेलवर धाडा. केवढी ही सावधगिरी! लगेच धाडला. ‘कृपया’ म्हणाले. दोनदा.

१४ जून
जिन्यात साहेब भेटले. हळूच विचारलं, जेवण झालं का? म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं?
मी नुसता हसलो. चारचौघांत बोलावं लागतं.

१९ जून
नकाशा परदेशात पोचला. टाक्यांवर बंदूकवाले पोलीस उभे आहेत, झडपांची कुलुपं बदलताहेत, अर्ध्या शहराला पाणी नाही. आमच्या नळालाही नाही. तपासवाल्यांनी विचारलं, तुम्हाला संशय कसा आला नाही? म्हणालो, फार चांगलं बोलत होते हो. त्यातला एक खाली मान घालून हसला. दात पिवळे.
साहेब तोंड फिरवून निघून गेले. थुंकीसुद्धा उडाली नाही.

२४ जून
निलंबित. यंत्राची किळस येते, साहेबांची येते, आरशात बघितलं तर तिथेही तेच. ऑफिसातून एकाचाही फोन नाही. स्टेनोबाईंचाही नाही. ही परवापासून भांडी जरा जोरात आपटते.
तपासवाले बजावून गेलेत : तो आवाज पुन्हा आला तर तत्काळ फोन ठेवा आणि आम्हाला कळवा. संकल्प केला : तत्काळ ठेवीन.

दुपारी
आला. नमस्कार, बीपी कसं आहे?
कळवणार आहेच. संध्याकाळी कळवीन.
वरचा आकडा एकशे साठ, म्हणालो. केवढी काळजी वाटली त्यांना! मग म्हणाले, मीठ कमी करा. कृपया.