‘हा’ म्हणजे दात

ती. मामा,

तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आई म्हणते तुम्ही डॉक्टरांचं ऐकत नाही, आणि मामी म्हणते डॉक्टरच हल्ली तुमचं ऐकायला लागलेत. खरं काय ते कळवा. आम्ही सगळे बरे आहोत.

मी विद्यापीठात जपानी शिकणार हे कळल्यावर तुम्ही म्हणाला होतात, जी मुलगी मराठीत तोंड उघडत नाही ती जपानीत काय दिवे लावणार. (मला ‘मौनीबाई’ हे नाव ठेवणारेही तुम्हीच, पण ते जाऊ दे.) गेल्या महिन्यापर्यंत तुमचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. लेखी पेपरात मी वर्गात पहिली, आणि संभाषणाच्या तासाला माझी दातखीळ बसायची. मनात वाक्य जुळवायचं, त्याची क्रियापदं तपासायची, आदरार्थी रूप घालायचं, आणि तोंड उघडावं तर समोरचा माणूस विषय बदलून मोकळा. शेवटी आमच्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, “चुकायला घाबरतेस म्हणून बोलत नाहीस. तोंडी परीक्षेत गप्प बसलीस, तर नुसतं लेखी तुला वाचवणार नाही.”

परीक्षेआधी सरावासाठी जपानहून काही पाहुणे आले. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक पाहुणा दिला. माझ्या वाट्याला एक आजोबा आले, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. मी त्यांच्यासाठी ग्रंथालयाची माहिती पाठ करून गेले होते. पण पहिलंच वाक्य ते बोलले, “हा गा इताइ.” आता ‘इताइ’ म्हणजे दुखतंय हे मला येत होतं. आणि ‘हा’ म्हणजे पान, झाडाचं, हेही येत होतं. झाडाचं पान दुखतंय असं म्हणणारा माणूस कवी तरी असणार, असा विचार करून मी त्यांना थेट मागच्या बागेत नेलं आणि एक पान तोडून हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाकून पाहिलं, “नारुहोदो,” म्हणजे ‘अस्सं होय’, म्हणाले, आणि एका हाताने गाल धरला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘हा’ म्हणजे दातसुद्धा. (इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही, मामा. दाढ दुखत असताना त्यांनी पानाचं कौतुक केलं.)

बाई सभागृहात भाषण करत होत्या. मी आजोबांना घेऊन कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, “ठणकतंय, की सणक येते? का नुसतं शिवशिवतं?” हे शब्द कुठल्याच धड्यात नव्हते. मी मूठ तळहातावर आपटून दाखवली, ठण्, ठण्, ठण्. आजोबांचा चेहरा उजळला. “झुकिझुकि,” ते म्हणाले. दाढ हलते का हे विचारायला मी बोट डुलवलं. “गुरागुरा.” मामा, अख्ख्या भाषेत अशी आपल्यासारखीच ठणठण-डगडग चालते, आणि मी इतके दिवस तिच्याशी अंग चोरून वागत होते. पाच मिनिटांत डॉक्टरसुद्धा “झुकिझुकि कमी झालं का?” असं विचारू लागले.

सुई दिल्यावर आजोबांचा अर्धा जबडा बधिर झाला, तेव्हा आम्हा दोघांचं जपानी ऐकायला एकसारखंच वाटायला लागलं. मग मला कसली लाज? दाढ काढून होईपर्यंत आणि नंतर बाहेरच्या बाकावर मी बोलतच होते. घर, आई, आमचा बंद पडणारा पंखा, तुमचा गुडघा. चुका केल्या, भरपूर. त्यांनी एकही दुरुस्त केली नाही, फक्त पुढे काय झालं ते विचारत राहिले. दुसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. मी मधेच एकदा अडखळले, हात हलवून दाखवलं, आणि पुढे गेले. पास झाले.

मामीला नमस्कार पुन्हा सांगा.

तुमची,
(आता थोडी कमी) मौनीबाई

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं, की बाईंनी जपानमधल्या विद्यापीठात वर्षभर शिकण्यासाठी माझं नाव पाठवलं होतं आणि ते निवडलं गेलंय. आईला सांगायचं धाडस नाही. ती तुमचं ऐकते. एकदा येऊन तिची समजूत घाला.

आणखी एक ता. क. पाकीट शोधायला उठले तेवढ्यात आईने हे वाचलं. म्हणाली, “मला बाईंनी कधीच फोन केलाय. दादाला कशाला बोलावतेस? तो बोलायला लागला की तुझं विमान चुकेल.” माळ्यावरून मोठी बॅग काढून तिने उन्हात ठेवलीसुद्धा. ती रिकामी बॅग बघितल्यापासून मलाच जायची भीती वाटायला लागलीय. तेव्हा मामा, आईचं राहू द्या. या, आणि माझी समजूत घाला.